वार कोणता?

रविवारी उपासना संपली की आमच्या चर्चच्या आवारातले लोक लगेच पांगत नाहीत. कडुनिंबाखाली चहाची किटली येते, शब्बाथ शाळेतून सुटलेली मुले पायांत घुटमळतात आणि आठवडाभराची सुखदुःखे त्या अर्ध्या तासात बोलून होतात. गेल्या महिन्यात अशाच एका रविवारी मंडळीतल्या एका मावशींनी मला जरा बाजूला घेतले. म्हणाल्या, "भाऊ, यांचं डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून दोनदा जावं लागतं. प्रार्थनेत आठवण ठेवा."

मी त्यांचा हात हातात घेतला. "नक्की ठेवतो, मावशी. देव सांभाळेल. काळजी करू नका," असे म्हणालो. तेवढ्यात कोणीतरी हाक मारली आणि मी वळलो.

मी दिलेला शब्द पाळलाही. सोमवारी पहाटे प्रार्थनेला बसलो तेव्हा त्यांच्या यजमानांचे नाव घेतले. मंगळवारीही घेतले. बुधवारी वाचनात याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आला. हा अध्याय मी किती वेळा वाचला असेल, किती प्रवचनांत ऐकला असेल, त्याची मोजदाद नाही. पण त्या दिवशी पंधराव्या-सोळाव्या वचनाशी मी अडकलो तो अडकलोच.

याकोब तिथे एक साधे चित्र उभे करतो. मंडळीतला एखादा भाऊ किंवा एखादी बहीण आहे. अंगावर पुरेसे कपडे नाहीत, आजच्या जेवणाची सोय नाही. कोणीतरी त्यांना शांतीने जायला सांगतो, ऊब मिळो, पोट भरो असे म्हणतो; पण अंगाला आणि पोटाला जे हवे आहे ते मात्र देत नाही. मग याचा उपयोग काय, असे याकोब विचारतो.

आजवर मी या माणसाला ढोंगी समजत आलो होतो. त्या सकाळी पाहिले तर तो एकही वाईट शब्द बोललेला नाही. हाकलून दिलेले नाही, हिणवलेले नाही. शांतीने जा, हा तर त्या लोकांचा निरोप देण्याचा नेहमीचा शब्द. आपण "सावकाश जा" म्हणतो तसा. तो आशीर्वादच देत होता आणि कदाचित मनापासून देत होता. "देव सांभाळेल, काळजी करू नका" हे माझे वाक्य त्याच्या वाक्याशेजारी ठेवले तर दोन्हींत रेसभर फरक नव्हता.

आठवड्यातून दोनदा म्हणजे कोणत्या वारी? मी विचारलेच नव्हते. त्यांना कोण घेऊन जाते? चार-चार तास मशीनला लावलेले असताना बाहेर बाकावर कोण बसते? येताना रिक्षा मिळते का? यातले मला काहीच माहीत नव्हते. देवासमोर मी रोज एका माणसाचे नाव घेत होतो आणि त्याच्याविषयी मला एक साधा वारही ठाऊक नव्हता.

त्याच अध्यायाच्या शेवटी याकोबाने एक उपमा दिली आहे आणि ती आपण बहुतेक वेळा उलटी वाचतो. आपल्याला वाटते की विश्वास हा प्राण आणि सत्कृत्ये हे शरीर. आत प्राण असला की शरीर हलणार. याकोब असे म्हणत नाही. प्राणावाचून शरीर जसे मेलेले, तसा कृतीवाचून विश्वास मेलेला, असे तो म्हणतो. म्हणजे त्याच्या लेखी विश्वास हे शरीर आहे आणि कृती हा त्यातला प्राण. मूळ ग्रीक भाषेत प्राणासाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ श्वास असाही होतो. मत, कबुली, पाठ केलेला विश्वासांगीकार हे सगळे नीट कपडे घालून झोपवलेल्या देहासारखे असू शकते. नाकाडोळ्यांनी अगदी ठीक, पण श्वास चालतो आहे का, हे पाहायला नाकाशी हात धरावा लागतो.

या पत्राने ख्रिस्ती लोकांना पूर्वीपासून अस्वस्थ केले आहे. मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले, तेव्हा प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले आणि अनुक्रमात ते पार मागे ढकलले. त्याची तळमळ खरी होती. पुण्य विकत मिळते, पापाची माफी पैसे मोजून घेता येते, हा बाजार त्याने डोळ्यांनी पाहिला होता. अशा वेळी त्याला पौलाचा आधार मिळाला. माणूस देवासमोर नीतिमान ठरतो तो विश्वासाने, स्वतःच्या कर्मांच्या हिशेबावर नव्हे, हे पौलाचे सांगणे. यात तडजोड होऊ शकत नाही, असे मीही मानतो. देवाची कृपा पगारासारखी मिळत नाही.

मग पौल खरा की याकोब? दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात, एकच वचन पुढे करतात, आणि इथेच पुष्कळ लोक गोंधळतात. पौल ज्या अब्राहामाकडे पाहतो तो रात्री तंबूबाहेर उभा आहे, मूलबाळ नाही, आणि वर चांदण्या मोजतो आहे. त्या क्षणी तो काही करत नाही, फक्त देवाच्या शब्दावर भरवसा ठेवतो आहे. याकोब ज्या अब्राहामाकडे पाहतो तो म्हातारा झाला आहे आणि इसहाकाला घेऊन मोरिया देशातल्या डोंगराची वाट चढतो आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात या दोन प्रसंगांमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ गेलेला आहे. एकाने त्याच्या विश्वासाची पहिली रात्र पाहिली, दुसऱ्याने त्याच विश्वासाचा कित्येक वर्षांनंतरचा दिवस पाहिला. माणूस एकच आहे. मला तरी यात भांडण दिसत नाही. लग्नाच्या दिवशीची शपथ खरी की आजारी बायकोच्या उशाशी जागून काढलेली रात्र खरी, असे कोणी विचारत नाही.

आणि ही दोन माणसे खरोखर भेटली होती. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतः ती भेट सांगतो. यरुशलेमात याकोब, पेत्र आणि योहान यांनी त्याला उजवा हात दिला. तुम्ही विदेश्यांकडे जा, आम्ही यहूद्यांकडे जातो, असे ठरले. आणि निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली: गरिबांची आठवण ठेवा.

आठवण ठेवा! मावशींनी मला म्हटलेला शब्द हाच.

पौलाने ती कशी ठेवली, हे त्याच्या पत्रांतून पसरलेले आहे. यरुशलेमची मंडळी हलाखीत होती. पौलाने मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतल्या मंडळ्यांकडून तिच्यासाठी वर्गणी जमवली. करिंथच्या लोकांना त्याने सांगितले, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळ नको. आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे आपला रविवार. कृपेवर सर्वांत जास्त लिहिणाऱ्या त्या प्रेषिताने वार ठरवून दिला होता! शेवटी ते पैसे पोहोचवायला तो धोका ओळखूनही यरुशलेमला गेला आणि तिथेच त्याला अटक झाली. गरिबांची आठवण ठेवणे म्हणजे त्याच्या आयुष्यातली अनेक वर्षे आणि अखेरीस त्याचे स्वातंत्र्य.

पवित्र शास्त्रात आठवण हा शब्द बहुतेक ठिकाणी असाच वजनदार आहे. जलप्रलयात देवाला नोहाची आठवण झाली असे लिहिले आहे, आणि त्याच वचनात पुढे वारा सुटतो, पाणी ओसरू लागते. देवाला आठवण झाली आणि पुढे काहीच घडले नाही, असे त्या पुस्तकात होत नाही.

आपल्या मातीत या शब्दाचा अर्थ जगून दाखवलेले एक माणूस आहे, आणि त्या सकाळी याकोबाचे पत्र मिटल्यावर मला पहिल्यांदा त्याच आठवल्या. पंडिता रमाबाई.

रमाबाईंची गोष्ट आपण साधारणपणे अशी सांगतो: त्या ख्रिस्ती झाल्या आणि मग त्यांनी मोठे सेवाकार्य केले. आधी विश्वास, नंतर कृती, सरळ रेघ. त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट इतकी सरळ नाही. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या भगिनी संघाकडे राहिल्या. तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथे भगिनींचे काम पाहायला नेले. समाजाने 'पतित' म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा होता. त्या बायकांची कोणी किळस करत नव्हते. त्यांना मायेने वागवले जात होते. रमाबाई विद्वान होत्या, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पदव्या दिल्या होत्या, तत्त्वज्ञानाच्या वादात त्या कोणाला ऐकल्या नसत्या. पण तिथे वाद नव्हता, काम होते. त्यांनी विचारले, तुम्ही हे का करता? तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. येशू तिच्याशी कसा बोलला, ते ऐकवले. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे इथे कृती आधी आली. कोणा अनोळखी बायकांचे हात काम करत होते, ते पाहून प्रश्न उठला, आणि प्रश्नाच्या पोटातून विश्वास आला. त्या भगिनींना कदाचित कल्पनाही नसेल की दारात उभी असलेली ही तरुण विधवा काय पाहते आहे.

पुढे आणखी एक वळण आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, 1891 च्या सुमारास, रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. तोवर त्यांनी अमेरिका पालथी घातली होती, पुस्तक लिहिले होते, 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडले होते. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई याच सदनात शिकलेल्या. एवढे काम उभे असताना ही बाई प्रांजळपणे सांगते की माझ्या आत काहीतरी रिकामे होते. याकोबाचे पत्र हातात घेऊन जे नुसत्या कामाचा डंका वाजवतात त्यांनी हे वाचायला हवे. कामाने थकवा येतो, कडवटपणा येतो, मी केले म्हणून झाले असा ताठा येतो. त्या साऱ्याला औषध म्हणून पौलाची कृपाच लागते. रमाबाईंना ती मिळाली, आणि मग 1896-97 चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाईंच्या मनात आणखी एक दुष्काळ होता, त्यांच्या लहानपणीचा. दक्षिणेत तीर्थे हिंडताना रानातली पाने-बोरे खाऊन दिवस काढलेले, आणि वडील, आई, थोरली बहीण अशी माणसे एकामागून एक गेलेली. शारदा सदन तोवर पुण्याला आले होते, पण ती आठवण त्यांना तिथे बसू देईना. हाताशी मोठी रक्कम नव्हती. तरी त्या गेल्या, आणि काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली आणि बायका घेऊन आल्या. अंगावर जखमा, केसांत उवा, घास दिसला की लपवून ठेवायची सवय लागलेली. शारदा सदनातल्या आधीच्या मुलींनी त्यांना न्हाऊ घातले, जखमा धुतल्या, शेजारी घेऊन निजवले. न्हाऊ घालणाऱ्या हातांत पुष्कळसे हात विधवांचे होते. काही वर्षांपूर्वी त्यांचाही स्पर्श घरादाराला अशुभ वाटत होता.

पुण्यात प्लेगची धास्ती, शहरात एवढ्या जणींना ठेवता येईना. मग दौंडच्या वाटेवर केडगावला फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथे आसरे उभे राहिले. तेच मुक्ती सदन. पुढच्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. माग चालू लागले, तेलाचा घाणा आला, दुभती जनावरे आली, विहिरी खणल्या गेल्या, अंध मुली बोटांनी वाचायला शिकल्या. छापखाना आला आणि त्यात दुष्काळातून आलेल्या मुली खिळे जुळवू लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करत होत्या. 5 एप्रिल 1922 ला मृत्यू येईपर्यंत ते काम त्यांनी सोडले नाही. एके काळी ज्यांना अन्नाचा घास मिळत नव्हता, त्यांच्या बोटांनी देवाच्या वचनाचे एकेक अक्षर उचलून ओळीत बसवले. विश्वास कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, हे त्या खिळ्यांच्या पेटीपाशी उभे राहून मला सांगता येणार नाही. सांगायची गरजही वाटत नाही.

कोणी म्हणेल, रमाबाई थोर होत्या. आमच्याकडे ना जमीन, ना छापखाना, ना तेवढे बळ. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने काय करायचे? त्याचा विश्वास मेलेला म्हणायचा का?

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला उत्तर म्हणून नेहमी वधस्तंभावरचा तो गुन्हेगार पुढे केला जातो. त्याने कुठले सत्कृत्य केले, तरी तो तारला ना? मीही असेच म्हणत आलो. पण लूकने लिहिलेला प्रसंग सावकाश वाचला तर त्याने काहीच केले नाही असे दिसत नाही. त्याचे दोन्ही हात खिळलेले होते, पायही. एक जीभ तेवढी मोकळी होती, आणि श्वास घेणेही कठीण अशा अवस्थेत त्याने ती वापरली. पलीकडचा गुन्हेगार येशूची निंदा करत होता, त्याला याने दटावले. आपण केले ते आपल्याला मिळते आहे, पण या माणसाने काही वाईट केलेले नाही, असे तो भर गर्दीत म्हणाला. शिष्य पळून गेले होते, पेत्राने ओळख नाकारली होती, अधिकारी थट्टा करत होते. त्या टेकडीवर एका निरपराध माणसाची बाजू उघडपणे घेणारा हा एकच गुन्हेगार होता. जेवढे मोकळे होते तेवढे त्याने दिले.

आणि मग त्याने येशूजवळ काय मागितले? तू राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव, एवढेच. पुन्हा तोच शब्द. येशू त्याला "हो, ठेवीन" म्हणाला नाही. त्याने वार सांगितला: आज. आणि सोबत सांगितली: तू माझ्याबरोबर असशील. आठवण मागणाऱ्याला त्याने दिवस दिला आणि स्वतः बरोबर राहण्याचा शब्द दिला.

बुधवारी सकाळी इथवर आलो तेव्हा प्रार्थनेची वेळ होऊन गेली होती. मी उठून मावशींना फोन लावला आणि विचारले, वार कोणता?

मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी सातला पोहोचावे लागते. मंगळवारी त्यांचा भाचा येतो. शुक्रवारी त्याला सुटी मिळत नाही, म्हणून मावशी एकट्याच नेतात. येताना यजमानांना गळल्यासारखे होते, पायऱ्या उतरताना दोन्हीकडून धरावे लागते आणि दुसऱ्या बाजूला कोणी नसते. फोनवर हे सगळे सांगताना त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. मी मात्र काही क्षण बोलू शकलो नाही.

त्यानंतरच्या चार शुक्रवारी मी गेलो. बाहेरच्या बाकावर आणखी माणसे असतात, बहुतेक बायका, मांडीवर डबा आणि फायली घेऊन बसलेल्या. आता काहींची नावे मला कळली आहेत. प्रार्थनेत ती नावे घेतो तेव्हा त्यांचे चेहरे समोर येतात, कोणाचा वार कोणता तेही आठवते.

येत्या रविवारी, उपासनेनंतर, तुमच्याही आवारात कोणीतरी हळूच येऊन आपले दुखणे सांगेल. प्रार्थनेत आठवण ठेवतो, असे अवश्य म्हणा. पण त्यांचा हात सोडण्याआधी वार विचारून घ्या.